माळ्याचं नाव कुठल्या पानावर आहे? स्मरणिका काढणाऱ्या क्लबांना खुलं पत्र

मा. अध्यक्ष, मानद चिटणीस, खजिनदार आणि स्मरणिका समितीचे सर्व सभासद,
महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या गावांमधले जिमखाने, क्लब आणि गोल्फ कोर्स यांस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी कुणाची पंच्याहत्तरी जवळ आली आहे, कुणाची शंभरी. म्हणजे स्मरणिका निघणार हे ओघानंच आलं. तिचा साचाही ठरलेला आहे. सुरुवातीला मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश, मग अध्यक्षांचं मनोगत, मग माजी अध्यक्षांचे फोटो एका पानावर चार याप्रमाणे, मग 'क्लबची वाटचाल' नावाचा दीड-दोन पानांचा लेख, आणि उरलेली सगळी पानं बिल्डर, सराफ आणि सहकारी बँका यांची. जाहिरातींबद्दल माझी तक्रार नाही. छपाईचा खर्च त्यातूनच निघतो. तक्रार आहे ती त्या दीड-दोन पानांबद्दल. त्यात 'तत्कालीन साहेबांच्या पुढाकारानं' क्लब स्थापन होतो, पुढच्या ओळीत इमारतीचं उद्घाटन होतं आणि तिसऱ्या परिच्छेदात आपण थेट नव्या जलतरण तलावापाशी येऊन पोहोचतो. मधली साठ-सत्तर वर्षं जणू गवत आपोआप कापलं जात होतं, खेळपट्टी आपोआप लोळवली जात होती.

हे पत्र त्या गवताबद्दल आहे. आणि त्यासाठी मला तुम्हाला जरा लांब, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यायचं आहे. कारण लहान गावातल्या क्लबची सुरुवातीची वर्षं कशी लिहिता येतात, याचा त्याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

एअरशायर परगण्यात, एअर शहराच्या थोडं उत्तरेला, प्रेस्टविक नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ग्लासगोहून एअरला जाणारा लोहमार्ग, आणि मधे वाळूच्या टेकड्यांची, खुरट्या गवताची जमीन. शेतीच्या दृष्टीनं जवळपास निरुपयोगी. १८४० मध्ये रेल्वे सुरू झाली आणि ग्लासगोच्या पैसेवाल्यांना ही निरुपयोगी जमीन अचानक जवळची झाली. २ जुलै १८५१ रोजी गावातल्या रेड लायन या खानावळवजा सराईत मंडळी जमली आणि प्रेस्टविक गोल्फ क्लब स्थापन झाला. सुरुवातीला सभासद ५७. पहिले कॅप्टन, म्हणजे क्लबचे प्रमुख, एग्लिंटनचे अर्ल. हे गृहस्थ त्याआधी वेगळ्याच कारणानं गाजले होते. १८३९ मध्ये त्यांनी आपल्या वाड्याच्या आवारात मध्ययुगीन सरदारांसारखी चिलखतं घालून, घोड्यावरून भाले रोखून लढण्याचा मोठा सोहळा भरवला होता. हजारो लोक आले आणि पावसानं त्या चिलखतांसकट सगळ्याची पार रयाच घालवली. हौसेला मोल नसतं, एवढंच म्हणायचं.

आपल्या स्मरणिकेच्या रिवाजाप्रमाणे लेख इथेच संपायला हवा होता. खानावळ, तारीख, अर्लसाहेब, सत्तावन्न सभासद. झाली वाटचाल.

पण प्रेस्टविकचा इतिहास सांगणारा कुणीही इथे थांबत नाही. त्याच वर्षी त्या गावात आलेल्या एका पगारी माणसापासून खरा मजकूर सुरू होतो. टॉम मॉरिस त्याचं नाव. वय तीस, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या, गोल्फसाठी प्रसिद्ध सेंट अँड्र्यूज गावचा, पोरवयापासून अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या हाताखाली चेंडू बनवणारा कारागीर. त्या काळचा गोल्फचा चेंडू म्हणजे चामड्याच्या छोट्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरून शिवलेला गोळा. एका चेंडूला टोपीभर पिसं लागायची आणि कसलेला कारागीरही दिवसाला तीन-चारच चेंडू करायचा. म्हणून चेंडू महाग आणि रॉबर्टसनचा धंदा बरकतीत. मग १८४८ च्या सुमाराला मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू बनू लागले. स्वस्त, टिकाऊ, आणि तडकला तर गरम करून पुन्हा वळता येणारे. रॉबर्टसनला यात आपलं मरण दिसलं. त्यानं आपल्या माणसांना या चेंडूंना हात लावू नका म्हणून बजावलं होतं. टॉमनं एका सभासदाबरोबर खेळताना तो चेंडू वापरला, मालकानं ते पाहिलं आणि दोघांचं फाटलं.

म्हणजे पहा, प्रेस्टविकला जो माणूस मिळाला तो एका दूरदेशीच्या झाडाच्या चिकामुळे आणि एका मालक-नोकराच्या भांडणामुळे. कर्नल जेम्स ऑगिल्वी फेअर्ली या सभासदानं त्याला तिथे आणलं. बायको नॅन्सी आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये जन्मलेला मुलगा टॉमी यांना घेऊन तो आला आणि क्लबचा 'कीपर ऑफ द ग्रीन', म्हणजे मैदान राखणारा म्हणून कामाला लागला. आपल्याकडे आपण त्याला हेडमाळी म्हटलं असतं आणि त्याचं आडनाव कुणालाही माहीत नसतं. (पुढे झालेल्या एका मुलाचं नाव त्यानं जेम्स ऑगिल्वी फेअर्ली मॉरिस ठेवलं. मालकाचं सबंध नाव पोराला देणं यात कृतज्ञता किती आणि व्यवहार किती, हे तुम्ही ठरवा.)

त्या टेकड्यांमधून टॉमनं बारा होल्स आखली. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळग्यात जाईपर्यंतचा एक टप्पा. बाराच, कारण जागा तेवढीच होती. फावडं, ढकलगाडी आणि मुळात असलेला उतार-चढाव यांवरच सगळं काम. मोठमोठ्या टेकड्यांवरून नजरेआड असलेल्या ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, फटके मारायचे, वाटा एकमेकींना छेदून जायच्या, आणि समोरून येणाऱ्याचा चेंडू कानाजवळून गेला तर तो खेळाचा भाग समजायचा. पहिलंच होल ५७८ यार्डांचं. तिथल्या टेकड्यांना आल्प्स आणि हिमालय अशी नावं पडली आणि ती आजही चालू आहेत. प्रेस्टविकच्या 'हिमालया'ची उंची पाहिली तर आपल्या पर्वतीनंही गालातल्या गालात हसावं. १८८० च्या दशकात जागा वाढवून अठरा होल्स झाली, पण टॉमच्या वेळच्या काही ग्रीन्स आजच्या खेळातही आहेत. ग्रीनवर वाळूचा पातळ थर दिला की गवत जोमानं धरतं, ही पद्धत रुळवली ती त्यानंच. एकदा वाळूची ढकलगाडी ग्रीनवर कलंडली आणि नंतर तिथलंच गवत दाट आलं, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, आज पुण्यातला किंवा मुंबईतला गोल्फ कोर्सचा माळी ग्रीनवर वाळू पसरतो तेव्हा तो याच परंपरेत काम करत असतो.

आता एक अशी गोष्ट, जी आपल्या स्मरणिकांमध्ये कधीच नसते. क्लब स्थापन झाला त्याच वर्षी गावातल्या कारागीर मंडळींनी स्वतःचा वेगळा क्लब काढला. त्याचं नाव प्रेस्टविक मेकॅनिक्स गोल्फ क्लब. १८५८ पासून तो प्रेस्टविक सेंट निकोलस म्हणून ओळखला जातो आणि आजही चालू आहे. का काढला? कारण अर्ल आणि कर्नलांच्या क्लबात सुतार, लोहार, दुकानदार यांना सभासद म्हणून जागा नव्हती. एका छोट्या गावात, एकाच वर्षात, दोन क्लब. प्रेस्टविकच्या सुरुवातीचा कुठलाही प्रामाणिक वृत्तांत या दुसऱ्या क्लबचा उल्लेख करतो, आणि त्यानं पहिल्या क्लबची अब्रू गेली असं कुणी मानत नाही.

पुढची दहा वर्षं मोलाची आहेत, कारण एका लहान गावाच्या क्लबनं या काळात जे केलं ते आज जगभर पाहिलं जातं. १८५७ मध्ये प्रेस्टविकनं सुचवलं की सगळ्या क्लबांनी मिळून एक स्पर्धा घ्यावी. ती सेंट अँड्र्यूजला झाली, दोघा-दोघांच्या जोड्यांची. लंडनजवळचा ब्लॅकहीथ क्लब जिंकला. पुढची दोन वर्षं वैयक्तिक स्पर्धा झाल्या. हे सगळे सभ्य गृहस्थ, हौशी खेळाडू. पण खेळ खरा कुणाला येतो हे सगळ्यांनाच माहीत होतं. तो येत होता कॅडींना, म्हणजे खेळणाऱ्यांच्या काठ्या वाहणाऱ्यांना, चेंडू बनवणाऱ्यांना, मैदान राखणाऱ्यांना. १८५९ च्या सप्टेंबरात अ‍ॅलन रॉबर्टसन वारला. हयातभर तोच सर्वश्रेष्ठ मानला जायचा. आता त्याच्यानंतर कोण, हा प्रश्न सराईपासून क्लबच्या ओसरीपर्यंत चर्चेत आला. प्रेस्टविकच्या मंडळींना खात्री होती की आपला टॉम. मसलबरो या दुसऱ्या गोल्फच्या गावच्या मंडळींचं म्हणणं, आमचा विली पार्क.

मग प्रेस्टविकनं इतर क्लबांना पत्र पाठवून विनंती केली की तुमच्याकडचे माहितीतले, अब्रूदार कॅडी पाठवा. अब्रूदार हे सांगावं लागलं यातच सगळं आलं. कॅडी म्हणजे दारूबाज, उधार बुडवणारा, असाच सभासदांचा समज. बक्षीस म्हणून लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीच्या नक्षीचा रुंद पट्टा करवून घेतला. खर्च २५ पौंड. आणि नियमांमध्ये आधीच घालून ठेवलं की जिंकणाऱ्यानं पट्टा नीट सांभाळण्याबद्दल हमी दिल्याशिवाय तो त्याच्या ताब्यात मिळणार नाही. जगातल्या सर्वांत जुन्या गोल्फ अजिंक्यपद स्पर्धेच्या नियमावलीची सुरुवात विजेत्याबद्दलच्या अविश्वासानं होते. मला हा तपशील फार आवडतो. तो अध्यक्षीय मनोगतात कधीच आला नसता. तो आला, कारण कुणीतरी कागद जपून ठेवले.

१७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ जण खेळले. आठही पोटासाठी खेळाशी जोडलेले. कोर्स बारा होल्सचा, म्हणून एका दिवसात तीन फेऱ्या, एकूण छत्तीस होल्स. विली पार्कनं ५५, ५९ आणि ६० अशा फेऱ्या करून १७४ फटक्यांत पट्टा नेला. टॉम मॉरिसचे १७६. स्वतः आखलेल्या, स्वतः वाळू टाकून वाढवलेल्या मैदानावर तो दोन फटक्यांनी हरला. सेंट अँड्र्यूजचा अँड्र्यू स्ट्रॅथ १८० वर. मेकॅनिक्सच्या, म्हणजे आता सेंट निकोलसच्या क्लबचा चार्ली हंटर १९५ वर; गावचा दुसरा क्लबही त्या आठांमध्ये होता म्हणायचं. आणि शेवटच्या क्रमांकावर विल्यम स्टील, फटके २३२. विजेत्यापेक्षा अठ्ठावन्न जास्त. दीडशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला शेवटच्या माणसाचेही फटके माहीत आहेत! आपल्याकडच्या किती जिमखान्यांना दहा वर्षांपूर्वीच्या वार्षिक स्पर्धेतला उपविजेता सांगता येईल?

रोख बक्षीस त्या दिवशी एक दमडीचंही नव्हतं. पुढच्या वर्षी स्पर्धा सगळ्यांना खुली केली, सभ्य गृहस्थांनाही आणि कामगारांनाही, आणि मग 'द ओपन' हे नाव चिकटलं ते कायमचं. त्या वर्षी टॉम जिंकला. १८६२ मध्ये तर तेरा फटक्यांच्या फरकानं. पुढे १८६४ आणि १८६७. शेवटच्या वेळी तो सेहेचाळीस वर्षांचा होता आणि ओपन जिंकणारा सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याचं नाव अजून कुणी पुसलेलं नाही. एव्हाना सेंट अँड्र्यूजनं त्याला वर्षाला पन्नास पौंडांवर परत बोलावून घेतलं होतं. प्रेस्टविकचं मैदान पुढे अनेक वर्षं सांभाळलं ते चार्ली हंटरनं.

मुलगा टॉमी प्रेस्टविकच्याच टेकड्यांमध्ये वाढला. १८६८ मध्ये सतराव्या वर्षी तो जिंकला, बाप दुसरा. पुन्हा १८६९. पुन्हा १८७०, छत्तीस होल्सना १४९ फटके. त्यात ते ५७८ यार्डांचं पहिलं होल तीन फटक्यांत. नियम असा होता की लागोपाठ तीन वर्षं जिंकेल त्याच्या मालकीचा पट्टा. झालं. क्लबकडे स्पर्धा राहिली आणि बक्षीस गेलं मैदान राखणाऱ्याच्या मुलाच्या घरी.

यानंतर प्रेस्टविकच्या कार्यकारिणीनं जे केलं ते कुठल्याही कार्यकारिणीच्या सभासदाला ओळखीचं वाटेल. चर्चा झाली. ठराव झाला की सेंट अँड्र्यूज, मसलबरो वगैरेंना बरोबर घ्यावं आणि खर्च वाटून घ्यावा. पत्रव्यवहार झाला. आणि १८७१ साली बक्षीसच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही. शेवटी तीन क्लबांनी दहा-दहा पौंड घातले आणि चांदीचा सुरईसारखा चषक करायचं ठरलं, जो आज क्लॅरेट जग म्हणून टीव्हीवर दिसतो. १८७२ ची स्पर्धा टॉमीनंच जिंकली, पण चषक तयार झाला नव्हता, म्हणून त्याच्या हातात पदक ठेवलं. चषकावर पहिलं नाव मात्र त्याचंच कोरलं आहे. १८७५ च्या सप्टेंबरात बाळंतपणात त्याची बायको आणि मूल दोघंही गेली. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी तोही गेला. वय चोवीस. म्हातारा टॉम त्यानंतर बत्तीस वर्षं जगला. तो १९०८ मध्ये वारल्यावर नातवंडांनी तो लाल पट्टा सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबला दिला.

प्रेस्टविकवर एकूण २४ ओपन झाल्या. शेवटची १९२५ मध्ये. प्रेक्षक इतके लोटले की अरुंद, एकमेकींना छेदणाऱ्या वाटांमध्ये गर्दी आवरेना. आघाडीवर असलेला मॅकडोनाल्ड स्मिथ त्या गर्दीतून वाट काढत खेळला, शेवटच्या फेरीत ८२ फटके घेऊन बसला आणि हातातली स्पर्धा गेली. नंतर ओपन मोठ्या कोर्सेसवर गेली ती परत आलीच नाही. क्लब अजून आहे. पहिल्या होलच्या उजव्या हाताला आगगाड्या अजून जातात.

आता मुद्द्यावर येतो. सगळ्यात आधी एक शंका दूर करायला हवी: म्हणजे काय, आम्ही काय स्कॉटलंडचे आहोत? गोल्फ आपल्याकडे काही परवा आलेला नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा, म्हणजे प्रेस्टविकपेक्षा बावीस वर्षांनी थोरला. सेंट अँड्र्यूजच्या वसंतातल्या सामन्यात दुसऱ्या क्रमांकाला देतात त्या पदकाचं नाव 'बॉम्बे मेडल' आहे. मुंबईच्या गोल्फवाल्यांनी दिलेलं. छावण्यांच्या गावांमध्ये पाण्याअभावी हिरवळ धरत नाही म्हणून तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राउन्स' करून त्यावर खेळत आलेले लोक आपल्याकडे होते. हे ब्राउन्स कुणी रोज सारखे केले, तेल किती आणि वाळू कुठल्या नदीची घालायची हे कुणी शोधलं? टॉमच्या ढकलगाडीइतकीच ही कथा सांगण्याजोगी आहे. पण आपल्याकडे ती लिहिलेली सापडत नाही.

आणि टॉम मॉरिस आपल्याकडेही झाला आहे. तो गोल्फमध्ये नव्हता, एवढंच. पळवणकर बाळू. जन्म १८७६, चर्मकार समाजातला, वडील सैन्यात नोकरीला. पुण्यात आधी पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, लोळवायची आणि अधूनमधून सभासदांना गोलंदाजी करायची. पगार महिना तीन रुपये. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे तो जाळी लावायचा, रेघा मारायचा आणि ग्रेगसाहेब या इंग्रज फलंदाजाला तासन् तास गोलंदाजी टाकायचा. साहेब बाद झाला की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. त्यातून तो डावखुरा गोलंदाज घडला, ज्यानं १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून बाळूला घेतलं. मैदानावर सगळे त्याच चेंडूला हात लावत आणि चहाच्या वेळी त्याला मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा. पुढे त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल हिंदूंच्या संघाचा कर्णधार झाला, तो बराच झगडा झाल्यावर, १९२३ मध्ये.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते संशोधकांनी जुनी वर्तमानपत्रं आणि आठवणी धुंडाळल्या म्हणून. क्लबांच्या स्मरणिकांनी सांगितलं म्हणून नव्हे. बाळू एवढा मोठा झाला म्हणून त्याचं नाव वाचलं. त्याच्याबरोबर रोलर ओढणारा दुसरा माणूस कोण होता? रोलर एकट्यानं ओढत नाहीत.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर शिवशंकर प्रसाद चौरासिया घ्या. वडील रॉयल कलकत्ता क्लबात ग्रीनकीपर. हा मुलगा त्याच मैदानावर कॅडी म्हणून वावरत, बघून बघून शिकला. २००८ मध्ये दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकला, मग २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन. दिल्लीच्याच कॅडींमधून आलेला अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. मैदान राखणाऱ्यांच्या घरातून खेळाडू येतात हा काही स्कॉटलंडपुरता चमत्कार नाही. रोज पहाटे दव असताना मैदानावर असणाऱ्या माणसाला चेंडू कुठे किती वळेल हे कळणारच. प्रश्न एवढाच की त्याला बॅट किंवा गोल्फची काठी हातात घेऊ देतात का, आणि घेऊ दिली तर त्याचं नाव कुठे लिहून ठेवतात का.

म्हणून माझी विनंती. स्मरणिकेचं काम सुरू कराल तेव्हा फोटोंच्या चौकटींपासून सुरू करू नका. चिटणीसांच्या खोलीतलं जुनं कपाट उघडा, ज्याची किल्ली कुणाकडे आहे हे आधी शोधावं लागेल. इतिवृत्ताच्या वह्या निघतील, पण त्यांच्याही आधी जमाखर्चाच्या वह्या, पगाराचं रजिस्टर, हजेरीपट बघा. इतिवृत्तात ठराव असतात, हजेरीपटात माणसं. १९३८ साली तुमच्याकडे किती माळी होते, मार्करला, म्हणजे सभासदांना खेळात साथ देणाऱ्या नोकराला, किती पगार होता, त्याला सभासदांच्या मुलांबरोबर टेनिस खेळायची मुभा होती की फक्त चेंडू आणून द्यायची, रोलर कुठून आणला, बैल भाड्यानं होते की क्लबचे, हे तिथेच मिळेल. वाळवी लागली असेल तर आजच फोटो काढून ठेवा. मोबाइल सगळ्यांकडे आहेत.

निवृत्त झालेले मार्कर, माळी, बिलियर्डच्या खोलीतले, आचारी यांच्या घरी जा. त्यांना क्लबवर बोलावून व्यासपीठावर नारळ-शाल देऊ नका, म्हणजे द्या, पण आधी त्यांच्या घरी जाऊन तास दोन तास बसा. व्यासपीठावर माणूस 'साहेब लोक फार चांगले होते' एवढंच म्हणतो. घरी, चहा झाल्यावर, कोणत्या साहेबानं रॅकेट फेकून मारली होती तेही सांगतो. दोन्ही छापा. नको असतील तर साहेबाचं नाव गाळा.

जमीन कुणाची होती हेही लिहा. प्रेस्टविकची ओसाड टेकड्यांची होती म्हणून सोपं झालं. तुमची गायरान होती का, कुणाची शेतं होती का, लष्कराची होती का? सात-बारा आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यात थोडंफार मिळेल. आणि क्लबात कुणाला प्रवेश नव्हता ते लिहायला लाजू नका. भारतीयांना सभासद कधी करून घेतलं, बायकांना स्वतःच्या नावानं कधी, पोटनियमांत कोणती अट कधी काढली. गावातल्या ज्या मंडळींना तुमच्याकडे जागा मिळाली नाही त्यांनी पलीकडच्या मैदानावर जो दुसरा क्लब किंवा व्यायामशाळा किंवा कबड्डीचा संघ काढला, त्यांच्या जुन्या लोकांनाही एक पान लिहायला सांगा. मेकॅनिक्सवाल्यांशिवाय प्रेस्टविकची कथा अर्धी राहिली असती, तुमचीही राहील.

काही सभासद म्हणतील, एवढी पानं कुठून आणायची? माजी अध्यक्षांचे फोटो एका पानावर चार असतात. एका पानावर वीस बसवा. चेहरा ओळखू येण्यापुरता मोठा राहतो. शुभसंदेश एकच पुरे, तोही अर्ध्या पानात. एवढ्यात दहा-बारा पानं सहज सुटतात. जाहिरातींना धक्का लागत नाही, म्हणजे खजिनदारही हरकत घेणार नाहीत.

आणि २३२ फटके मारून शेवटच्या क्रमांकावर येणारा तुमच्याकडेही कुणीतरी असेलच. त्याचंही नाव येऊ द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जुन्या स्मरणिका जमवणारा एक वाचक